मराठी माध्यम आणि रशियन

नांदेडहून विचारलंय की स्लाव्ह भाषा (रशियन आणि तिच्या कुळातल्या भाषा) विभागात शिकवतात काय, आणि मराठी माध्यमाच्या मुलीला ते झेपेल का. झेपेल. दिल्ली विद्यापीठाच्या विभागात रशियनसोबत पोलिश, चेक, बल्गेरियन आहेत. हंगेरियनही आहे, ती मात्र स्लाव्ह कुळातली नाही. तुम्हाला हैदराबादचं इफ्लू (इंग्रजी आणि परकीय भाषांचं विद्यापीठ) जवळ पडेल, तिथे रशियन आहे.

रशियनची 33 अक्षरांची लिपी पंधरा दिवसांत हाताला बसते. मराठीचा खरा फायदा उच्चारात होतो. 'चार'मधला च आणि 'चमचा'मधला च रशियनमध्ये दोन वेगळी अक्षरं आहेत, आपल्या मुलांना ती शिकवावीच लागत नाहीत. तीन लिंगंही ओळखीची. 'वाचत होतो' आणि 'वाचून काढलं' यांतला फरक कळतो त्याला रशियन क्रियापदांच्या जोड्या (एक चालू क्रियेसाठी, एक पुऱ्या झालेल्या क्रियेसाठी) लवकर उमगतात.

गाडी अडते ती आघातावर, म्हणजे शब्दात जोर कुठे द्यायचा यावर. छापील मजकुरात तो दाखवत नाहीत, आणि आघात नसलेला 'ओ' 'अ'कडे झुकतो: लिहायचं मोलोको (दूध), म्हणायचं मलाको. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक शब्द आघाताची खूण करूनच वहीत उतरवावा. दुसरी अडचण मऊ व्यंजनांची. 'ब्रात' म्हणजे भाऊ. शेवटचा त जीभ टाळूकडे उचलून मऊ केला की अर्थ होतो 'घेणे'. विभक्ती सहाच, पण विशेषणही प्रत्येक विभक्तीत बदलतं. आपलं एका 'चांगल्या'वर भागतं, तिथे भागत नाही. तक्ते घोकण्यापेक्षा विशेषण-नामाची जोडी वाक्यात बसवून पाठ करावी.