मदत हवी आहे: वेअर विरुद्ध हिल्टन, 1796

नमस्कार मंडळी. कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या या निकालावर मराठीत लिहितोय आणि एका ठिकाणी अडलोय.

1774 सालच्या कर्जरोख्याचं हे प्रकरण. सावकार ब्रिस्टलची फॅरेल अँड जोन्स पेढी, ऋणको व्हर्जिनियाचे हिल्टन आणि इतर. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात व्हर्जिनियाने कायदा केला की ब्रिटिश सावकाराचं देणं राज्याच्या तिजोरीत भरलं की सुटका. हिल्टननी 1780 मध्ये तसे पैसे भरलेही. पुढे अमेरिका आणि ब्रिटनमध्ये 1783 चा पॅरिस तह झाला, त्यात सावकारांच्या वसुलीला कायद्याची आडकाठी नको असं ठरलं आणि न्यायालयाने तहाला राज्याच्या कायद्यावर ठेवलं. ऋणकोंचे वकील जॉन मार्शल, पुढचे सरन्यायाधीश, हरले!

दावा जोन्सनेच लावला होता; तो वारल्यावर पुढे चालवणारा वेअर हा त्याच्या मिळकतीचा ‘ॲडमिनिस्ट्रेटर’. याच पेढीचं देणं पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेफरसन यांच्या सासऱ्यांवरही होतं. तिथे जेफरसन ‘एक्झिक्युटर’. एक न्यायालयाने नेमलेला, दुसरा मृत्युपत्राने. एक्झिक्युटरसाठी ‘निष्पादक’ वाचून मुलं गोंधळतात, ॲडमिनिस्ट्रेटरला ‘प्रशासक’ म्हटलं की त्यांना महापालिका आठवते. प्रोबेटची (मृत्युपत्र न्यायालयात सिद्ध करण्याची) कामं करणाऱ्यांनी सांगावं, पक्षकाराशी बोलताना तुम्ही कोणते शब्द वापरता? आणि वारसांत वाटणी आधी, कर्जफेड नंतर झाली, तर आपल्याकडे एक्झिक्युटरच्या स्वतःच्या खिशाला कितपत झळ बसते?