मदत हवी आहे : सड्यावरच्या चिरेखाणीतले मासे कसे काढावेत?

नमस्कार मंडळी,

राजापूर तालुक्यात आमच्या गावच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) एक जुनी, बंद पडलेली चिरेखाण आहे. तिच्यात मे महिन्यातही गुडघाभर पाणी राहतं. डेंग्यूची साथ आली तेव्हा कुणीतरी त्यात 'गप्पी' म्हणून मासे सोडले. पण गप्पीचे नर रंगीत असतात. इथे नर-मादी सगळेच करडे. त्यामुळे हे गॅम्बुशिया असावेत असं वाटतं. मूळचा अमेरिकेतला हा मासा डासांच्या अळ्या खाण्यासाठी १९२८ मध्ये इटलीहून भारतात आणला होता.

पावसात खाण भरून वाहते आणि मासे कातळावरच्या डबक्यांत उतरतात. ही डबकी एरवी कोरडी ठणठणीत, चढणीचे मासेही इतक्या वर पोचत नाहीत. मासे नसतात म्हणूनच तर आगोटीला (पावसाच्या सुरुवातीला) पिवळेधमक झालेले मोठे बेडूक अंडी घालायला इथे जमतात. गॅम्बुशिया ती अंडी आणि बारकी पिल्लं खातो, मोठ्या पिल्लांच्या शेपट्या कुरतडतो. गेल्या पावसाळ्यात खाणीच्या उताराकडच्या डबक्यांत अशी शेपूट तुटलेली पिल्लं दिसली. वरच्या अंगाला मात्र सगळी धडधाकट होती. फार वाईट वाटलं.

कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडाच्या तळ्यांतून बाहेरचे ट्राउट मासे जाळी लावून काढल्यावर बेडूक परत वाढले, त्यामुळे आशा आहे. पण गॅम्बुशिया थेट पिल्लं देतो. एक गाभण मादी मागे राहिली तरी सगळं पुन्हा सुरू! म्हणून नुसत्या जाळ्याचा भरवसा वाटत नाही. मे महिन्यात पंप लावून खाण पूर्ण कोरडी करावी असा विचार आहे. ब्लीचिंग पावडर कुणी सुचवू नये, त्यात बाकीचे जीवही मरतील.

हे काम कुणी केलंय का? कातळाच्या भेगांत उरलेल्या पाण्याचं काय करायचं? खाणीत बारमाही राहणारे बेडूक तेवढे दिवस कुठे ठेवावेत? उपसलेल्या पाण्याबरोबर मासे वहाळात (ओढ्यात) जाऊ नयेत म्हणून पंपाच्या तोंडाला कितपत बारीक जाळी लावावी?

शिवाय वाडीतली माणसं विचारतात, "मासे काढलेस तर डास वाढतील, मग?" डेंग्यूचा डास घराजवळच्या पिंपांत, टायरांत, कुंड्यांत वाढतो, हे मी सांगते. पण खाणीत मलेरियाचा डास वाढू शकतो, तेव्हा त्यांची भीती खोटी नाही. त्यावर मासे न सोडता करता येईल असा उपाय कोणता?