माल्मोच्या हिवाळ्यात स्केटबोर्ड कुठे चालवायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

उन्हाळ्यात आम्ही पुण्याहून स्वीडनला, माल्मोत राहायला आलो. लेक बारा वर्षांची आहे आणि आल्याआल्या तिला स्केटबोर्डचं वेड लागलं. शहरच तसं आहे म्हणा. वेस्त्रा हाम्नेन भागात, टर्निंग टॉर्सो या उंच इमारतीपासून जवळच, जुन्या जहाजकारखान्याच्या जागेवर २००५ साली स्तापेलबेड्सपार्कन नावाचा काँक्रीटचा मोठा स्केटपार्क झाला. फुकट आणि कोणासाठीही खुला. लहान पोरांपासून टक्कल पडलेल्या बाप्यांपर्यंत सगळे तिथे असतात.

आता ऑक्टोबर सरत आला आणि पार्क कायम ओला. वाडग्यासारख्या खोलगट भागाच्या (बोलच्या) तळाशी पाणी साचतं. डिसेंबरात सूर्य साडेतीनच्या सुमारास मावळतो म्हणे, म्हणजे शाळा सुटून घरी येईतो अंधार. मग बाईसाहेब इमारतीच्या तळघरात बोर्ड चालवतात आणि सामायिक लाँड्रीच्या खोलीत आमच्या नावाने शेजाऱ्यांची तक्रारीची चिठ्ठी लागते. (स्वीडनमध्ये राहणाऱ्यांना या चिठ्ठ्यांचा धाक माहीत असेल.)

माल्मोत किंवा जवळपास छताखालचा पार्क आहे का? नवशिक्या मुलीला तिथे सामावून घेतात का? आणि कोरडा दिवस मिळाला तर थंडीत बाहेर पाठवावं की नको?

लुंडकर: ताई, तुम्ही ज्या गावात राहता तिथे हा प्रश्न पडावा याची गंमत वाटली. ब्रिग्गेरिएट शोधा. जुन्या ब्रुअरीच्या इमारतीतला हा इनडोअर पार्क १९९८ पासून चालू आहे. हिवाळ्यात पोरांना बोर्ड चालवायला जागा नाही, याच अडचणीतून स्केटर मंडळींनी तो उभा केला. २००६ पासून त्यांची स्वतःची उच्च माध्यमिक शाळाही आहे, तिथे स्केटबोर्डिंग हा विषय म्हणून शिकवतात. लेकीला आत्ताच सांगू नका, नाहीतर दुसऱ्या शाळेचं नाव काढू देणार नाही!

वेळापत्रक आणि दर त्यांच्या साइटवर बघून जा, हंगामाप्रमाणे बदलतात. नवशिक्यांचे वर्ग आणि मुलींसाठी वेगळ्या वेळा आहेत का, तेही विचारा. शनिवार-रविवारी दुपारी झुंबड उडते आणि मोठी मुलं सुसाट येतात, त्यामुळे पहिल्यांदा आठवड्यातल्या एखाद्या दिवशी न्या. हेल्मेट घालाच.

सांगलीकर_स्टॉकहोम: बाहेर पाठवण्याबद्दल. थंडीला घाबरू नका, पाण्याला घाबरा. शून्याच्या आसपास कोरडं ऊन असेल तर खुशाल जाऊ द्या. पण बोर्डची फळी म्हणजे मेपलचे पातळ थर चिकटवून केलेला प्लायवूड. पाणी पिला की कडा फुगतात, थर सुटतात आणि उसळी जाते. बेअरिंग गंजतात ते वेगळंच. चुकून भिजला तर चाकं काढून बेअरिंग पुसा, वाळवा, तेलाचा थेंब सोडा. हीटरवर टेकवून ठेवू नका, फळी वाकते.

दुसरं म्हणजे खडी. घसरू नये म्हणून फुटपाथवर बारीक खडी टाकतात आणि ती वसंतात झाडेपर्यंत तिथेच असते. कडक छोट्या चाकाखाली एक खडा आला की बोर्ड जागच्या जागी थांबतो आणि पोरगी पुढे जाते. चाकांवर कडकपणाचा आकडा असतो, जितका मोठा तितकं चाक कडक. पार्कसाठी ९९ए-१०१एची कडक चाकं ठीक, रस्त्यासाठी ७८ए-८७एची मऊ आणि जरा मोठी घ्या. गारठ्यात ट्रकमधले (फळीखालच्या धातूच्या आसातले) रबरासारखे मऊ कडे, म्हणजे बुशिंगही ताठरतात, बोर्ड वळायला जड जातो. लगेच नट ढिला करायला जाऊ नका, आधी थोडा चालवून बघा.

वेणूमावशी: मी म्हणते हिवाळ्यात हट्ट कशाला? बर्फाच्या देशात आहात, स्कीइंग शिकवा की.

धागाकर्ती: मावशी, बर्फाचा देश उत्तरेला! आमचा दक्षिणेचा स्कोने प्रांत म्हणजे सपाट शेतं, वारा आणि पाऊस. टिकेल असा बर्फ पडला तरी घसरायला उतार कुठून आणू?

पुलापल्याड: कोपनहेगन विसरू नका. एंगहावेवाय रस्त्यावर कोपनहेगन स्केटपार्क आहे, त्यातही आतला भाग आहे. माल्मोहून ट्रेनने ओरेसुंड पूल ओलांडून साधारण चाळीस मिनिटांत कोपनहेगनचं मुख्य स्टेशन येतं. पासपोर्ट आणि निवास परवाना दोघींचाही जवळ ठेवा, परतताना स्वीडनच्या बाजूला तपासणी होऊ शकते. दर आठवड्याला परवडणार नाही, तिकिटाचाच खर्च होतो. पण फेब्रुवारीत, वर्षाच्या आठव्या आठवड्यात, शाळांना स्पोर्टलोवची (हिवाळी) सुट्टी असते, तेव्हा एक दिवस जरूर जा.

धागाकर्ती: सगळ्यांचे मनापासून आभार. ब्रिग्गेरिएटला मेल टाकला आहे, नवशिक्यांच्या वर्गाबद्दल विचारलंय. लुंडकर दादा, शाळेची बातमी तिने माझ्या खांद्यावरून वाचली, आता भोगते आहे. तळघर बंद, चिठ्ठीखाली माफीही लिहून आले.

अजून एक: गुडघ्या-कोपराचे पॅड ब्लॉकेटवर (जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीची स्वीडिश साइट) जुने घेतले तर चालतात का, की नवेच घ्यावेत? हेल्मेट नवंच घेणार आहे, आधी आपटलेलं असलं तर वरून कळत नाही.

सांगलीकर_स्टॉकहोम: पॅड जुने चालतील. पट्ट्यांचा ताण आणि वरच्या प्लास्टिकला तडा नाही ना, एवढं बघा. मापाचे घ्या, पोरगी वाढतेय म्हणून एक नंबर मोठे नकोत. पडताना सरकले तर काही उपयोग नाही.