झाडं लावा म्हणणं सोपं, ठाण्यात लावायची कुठे ते सांगा

सावलीवाला_नौपाडा
काल दुपारी दीडला स्टेशनवरून चालत आलो (स्कूटर गॅरेजला, नाहीतर कोण चालतंय). आमच्या रोडच्या अर्ध्या भागात जुने पर्जन्यवृक्ष आहेत, तिथे माणसं रमतगमत चाललेली, आणि जिथे झाडं संपतात तिथून सगळे एकदम फास्ट, डोक्यावर पिशवी नाहीतर ओढणी. खारघरला 16 एप्रिल 2023 ला महाराष्ट्र भूषणच्या कार्यक्रमात मैदानात उन्हात बसून 14 जण गेले, आणि पारा कुठे तर 38 च्या आसपास, 45 वगैरे नव्हता. मला वाटतं आता रस्त्यावरची झाडं ही शोभा नाही, पाणी आणि गटारासारखी गरज आहे. पार्किंगची एकेक जागा कमी करून झाड लावा. बोला.

गाडीमालक_पाचपाखाडी
बोलतो. मागच्या जूनमध्ये पहिल्याच वादळात सोसायटीसमोरचा गुलमोहर माझ्या गाडीवर आडवा. चार महिने आधी फांद्या छाटायचा अर्ज देऊन आलो होतो, माणूस आला तो झाड पडल्यावर पंचनाम्याला. इन्शुरन्सवाल्याने डेप्रिसिएशन कापून जे हातावर टेकवलं त्यात बॉनेटपण आलं नाही. तुमची सावली तुम्हाला लखलाभ. आधी आहेत ती झाडं सांभाळा मग पार्किंगकडे बघा.

मातीतला_माणूस
दादा गाडीचं वाईट वाटलं, पण गुलमोहर मादागास्करचा पाहुणा, लाकूड ठिसूळ, त्यात बुंध्याला चिकटून पेव्हर ब्लॉक आणि दर दोन वर्षांनी केबलवाले एका बाजूची मुळं उडवणार, मग वाऱ्यात उभं राहील कसं ते? आमच्या गल्लीत एका करंजाला लोखंडी ट्री गार्ड कुणी काढलाच नाही, आता त्याची पट्टी खोडात दोन बोटं रुतलीय आणि वर साल ओठासारखी सुजून आलीय. हरित लवादाने 2013 मध्येच दिल्लीच्या प्रकरणात बुंध्याभोवती एक मीटर काँक्रीट नको म्हणून सांगितलंय. आपल्याकडे एक वीत तरी सोडतात का बघा. लावायचं तर ताम्हण, करंज, बकुळ, सातवीण. आणि लावल्यावर निदान दोन-तीन उन्हाळे पाणी. जुलैत फोटो काढायला पन्नास जण असतात हो, मार्चमध्ये बादली घेऊन कोण येतं?

खारघर_सेक्टर
थोडं उलटं बोलतो, रागावू नका. पानं पाणी सोडून हवा गार करतात हे खरं, पण ते नागपूरच्या कोरड्या उन्हात जास्त चालतं, आपल्याकडे खाडीची दमट हवा आधीच ओली. आणि आमच्या वरच्या मजल्यावर रात्री अकरालासुद्धा स्लॅब तापलेला असतो, त्याला खालचं झाड काय करणार? गच्चीला पांढरा रंग मारा, स्वस्त आणि लगेच.

सावलीवाला_नौपाडा
गच्ची रंगवा की, कोण नको म्हणतंय. पण भाजीवाली बाई तुमच्या गच्चीवर बसते का? दमट हवेत घाम वाळत नाही म्हणूनच डोक्यावर थेट ऊन नको ना. माझा मुद्दा गारव्याचा कमी आणि सावलीचा जास्त.

नेरूळची_मावशी
मग मियावाकी करा ना, ते जपानी पद्धतीचं छोटं दाट जंगल, जागा कमी लागते, मुलाच्या कॉलेजात केलंय, मस्त दाट झालंय.

मातीतला_माणूस
मावशी, त्यात चौरस मीटरला तीन-चार रोपं खेटून लावतात. पाखरांना छान, पण बसस्टॉपवर उभ्या माणसाला त्याचा काय उपयोग? उलट आता बिल्डर म्हणणार जुनं तोडतो, कोपऱ्यात मियावाकी देतो. 2021 च्या दुरुस्तीनंतर कायदाच आहे की झाडाचं वय जितकं तितकी तरी रोपं बदल्यात लावायची. पण साठ वर्षांचा वड गेला आणि साठ काटक्या आल्या तर त्या सावलीत उभा राहायला मला दुसरा जन्म घ्यावा लागेल.

गाडीमालक_पाचपाखाडी
हे पटलं. पण पार्किंगचं अजिबात नाही पटलं, सांगून ठेवतो. आमच्या बिल्डिंगमध्ये 40 फ्लॅट आणि जागा 22.

सावलीवाला_नौपाडा
बरं, पार्किंग राहू दे बाजूला. रविवारी सकाळी सातला आमच्या गेटजवळच्या चार झाडांभोवतीचे ब्लॉक उचकटायचेत, सोसायटीच्याच हद्दीत आहेत, कमिटीचं लेखी पत्र घेतलंय. पहार आहे, घमेली दोन कमी पडतायत.

गाडीमालक_पाचपाखाडी
घमेली माझ्याकडे आहेत. पण त्या बदामाची वाळकी फांदी छाटायचा अर्ज आधी टाका, त्याच्याखाली मी उभा राहणार नाही.