जिभाऊंच्या कादंबरीतले जहाज थांबवायचे कोणी?

सचिव (ए-१०२):
सर्व सभासदांना नमस्कार. जिभाऊंनी आपल्या विज्ञान कादंबरीच्या हस्तलिखिताची पहिली आठ प्रकरणे गेल्या आठवड्यात या ग्रुपवर पाठवली होती. ज्यांचे वाचन राहिले असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन हजार माणसांचे एक जहाज टाउ सेटी या ताऱ्याकडे निघाले आहे. तो तारा आपल्यापासून सुमारे १२ प्रकाशवर्षे दूर आहे आणि जहाजाचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या ५ टक्के आहे, त्यामुळे हा प्रवास २४० वर्षांचा, म्हणजे आठ-दहा पिढ्यांचा आहे. प्रवासाच्या १३१व्या वर्षी, ज्या जागी काहीही असायला नको तिथे, २०० किलोमीटर व्यासाची एक काळी वस्तू दुर्बिणीत दिसते, आणि ती वस्तू उबदार आहे. आठव्या प्रकरणाच्या शेवटी कप्तान जहाज थांबवण्याचा हुकूम देतो. मते मोकळेपणाने मांडावीत. टँकर आणि पार्किंग हे विषय आजच्या दिवस दुसऱ्या ग्रुपवर ठेवावेत, ही विनंती.

मॅडम (ए-२०३):
जिभाऊ, सातव्या प्रकरणापर्यंत मी हस्तलिखित खाली ठेवले नाही, हे आधी सांगते, कारण पुढे तक्रार आहे. ती वस्तू उबदार असणे ही तुमची कल्पना फार चांगली आहे. ताऱ्यांपासून दूरच्या अवकाशात एखादा दगड पडून राहिला, तर तो उणे २७० अंशांच्या जवळपास थंड होतो. तुमच्या वस्तूचा पृष्ठभाग पाणी गोठते त्या तापमानाला आहे, याचा अर्थ आत काहीतरी चालू आहे आणि त्याची उष्णता बाहेर पडते आहे. परक्यांचा शोध त्यांच्या उष्णतेवरून, म्हणजे अवरक्त किरणांवरून घ्यावा, असे भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन यांनी १९६० मध्येच सुचवले होते. तुम्ही ना हिरवी माणसे आणली, ना रेडिओवरचे संदेश. अंधारात कोणाची तरी चूल पेटलेली दिसते आणि घर कोणाचे ते कळत नाही, एवढ्यावर तुम्ही चाळीस पाने धरून ठेवली आहेत.

तक्रार अशी की तुमचा कप्तान हुकूम देतो आणि पुढच्याच पानावर जहाज त्या वस्तूच्या शेजारी उभे असते. प्रकाशाच्या ५ टक्के म्हणजे सेकंदाला १५,००० किलोमीटर. पृथ्वीपासून चंद्राइतके अंतर हे जहाज २६ सेकंदांत कापते. तुम्ही तर आयुष्यभर रेल्वेगाडी चालवली आहे. ब्रेकचा हिशोब तुमच्याकडून चुकावा, याचे नवल वाटले.

जिभाऊ (सी-१०१):
मॅडम, चूक मान्य आहे आणि लाजही वाटते. भुसावळहून कोळशाच्या ५८ वाघिणी घेऊन निघालेली मालगाडी ब्रेक लावल्यावर किलोमीटरच्या पुढे घसरत जाते, म्हणून तर आम्हाला लाल सिग्नलच्या आधी पिवळा आणि त्याच्याही आधी दुहेरी पिवळा दाखवतात. माझ्या कप्तानाला दुहेरी पिवळा किती आधी दिसला असता?

मॅडम (ए-२०३):
एवढी मोठी आणि एवढी उबदार वस्तू चांगल्या दुर्बिणीला पाव प्रकाशवर्षावरून दिसेल, असे धरू. जहाज न थांबता गेले तर तिथे पाच वर्षांत पोहोचेल. तिच्यापाशीच थांबायचे असेल, तर दिसल्या दिवसापासून ब्रेक लावावा लागेल आणि तो अखंड दहा वर्षे लावून धरावा लागेल. तो झटका मात्र अगदी सौम्य, पृथ्वीच्या गुरुत्वाच्या दोनशेव्या हिश्शाइतका असेल; ताटातली आमटी किंचित एका बाजूला कलेल, इतकाच. विचार करायला वर्ष घालवले, तर तेवढा ब्रेक पुरणार नाही.

खरी अडचण इंधनाची आहे. समजा, एकदा थांबायला रिकाम्या जहाजाच्या वजनाच्या तिप्पट इंधन लागते आणि टाउ सेटीला थांबण्यासाठी तेवढेच बरोबर घेतले आहे. आता वाटेत थांबायचे, पुन्हा तोच वेग घ्यायचा आणि शेवटी परत थांबायचे, तर इंधन तिपटीच्या तिप्पट म्हणजे नऊपट लागेल, असे आपल्याला वाटते. ते लागते ६३ पट, कारण पुढचे इंधनही आधी वाहावे लागते आणि त्याचा वेगही बदलावा लागतो. म्हणून तुमचा कप्तान जिथे थांबेल तिथेच सगळ्यांना कायमचे राहावे लागेल.

नाना (बी-४०२):
मॅडमनी सांगितलेले गणित मला पूर्ण कळले असे म्हणणार नाही, पण त्यातला तंटा मात्र चांगलाच कळला. आमचे गाव साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. तिथे फड पद्धतीची शेती होती. बंधारा, कालवा, चाऱ्या, सगळे गावकऱ्यांनी सांभाळलेले आणि शेकडो वर्षे चालत आलेले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे आणि पाटकरी देईल तसे पाणी घ्यायचे. माझे वडील काही वर्षे पाटकरी होते. रात्री कंदील घेऊन ते चारीच्या कडेने चालत आणि कोणी चिखल-पालापाचोळा टाकून पाणी आपल्याकडे वळवले आहे का, ते पायाने चाचपून पाहत, कारण कंदिलाच्या उजेडात ते दिसत नसे. वरच्या शेतकऱ्याने पाणी फोडले, तर खालच्याला ते सकाळी कळायचे, आणि तोवर पाणी गेलेले असायचे.

जिभाऊ, तुमच्या जहाजात ते इंधन खालच्या शेताचे आहे. ज्यांचे ते आहे त्यांचा अजून जन्म झालेला नाही. कप्तानाने पाणी फोडले, आणि तुमच्या आठ प्रकरणांत त्याला विचारणारा एकही पाटकरी नाही. त्या काळ्या वस्तूत कोण राहते, यापेक्षा मला याचे उत्तर वाचायला आवडेल.

काकू (बी-१०४):
नाना अगदी बरोबर बोलले, पण थांबावेसे वाटण्याला काही कारणही हवे. नुसत्या कुतूहलासाठी दोन हजार माणसे बिऱ्हाड मोडत नाहीत. जिभाऊ रावेर-यावलच्या शेजारचे असल्यामुळे त्यांच्या जहाजात केळी आहेत, हे साहजिकच आहे. आमच्या माहेरी ग्रँड नैन या केळीच्या वाणाची, प्रयोगशाळेत वाढवलेली टिश्यू कल्चरची रोपे लावतात. ती सगळी जणू एकाच झाडाची प्रत असते, त्यामुळे रोग आला की कोणते झाड वाचेल असा प्रश्नच उरत नाही. ग्रॉस मिशेल हे जगभर विकले जाणारे वाण पनामा रोगाने गेल्या शतकाच्या मध्यात बाजारातून असेच गेले. १२८व्या वर्षी जहाजातल्या केळीवर असाच मर रोग येऊ द्या. तीन वर्षांनी ती उबदार वस्तू दिसली की लोक तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतील.

दुसरे असे की, जहाजात आपली खानदेशची देवी कानबाई बसते आणि तिचे रोट होतात, हे वाचून डोळ्यांत पाणी आले; मात्र नागपंचमीनंतरचा रविवार तिथे कोण ठरवते, ते एका ओळीत लिहा. चंद्र मागेच राहिला आहे.

तन्मय (डी-३०४):
जिभाऊ, काकूंच्या सूचनेला एका खऱ्या प्रयोगाचा आधार आहे. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये बायोस्फिअर २ नावाच्या बंद काचघरात १९९१ ते १९९३ अशी दोन वर्षे आठ माणसे राहिली. मातीतल्या सूक्ष्मजीवांनी हवेतला प्राणवायू वापरला आणि त्यातून तयार झालेला कार्बन डायऑक्साइड भिंतींच्या काँक्रीटने शोषून घेतला, त्यामुळे प्राणवायू सुमारे २१ टक्क्यांवरून साडेचौदापर्यंत उतरला आणि शेवटी तो बाहेरून सोडावा लागला. त्या आठांचेही चार-चारांचे दोन तट पडले होते. तुमच्या दोन हजारांत फक्त एकच कप्तान आणि एकच मत आहे, हे पटत नाही.

माझा मुख्य मुद्दा मात्र वेगळा आहे. सगळे जहाज कशाला थांबवायचे? शंभर किलोचे एक छोटे यान सोडा. मॅडमच्याच हिशोबाने त्याला थांबायला तीनशे किलो इंधन लागेल. एवढे पाणी खालच्या शेतालाही जाणवणार नाही.

मॅडम (ए-२०३):
हे मला सुचायला हवे होते. पण तन्मय, ते यान दहा वर्षे ब्रेक लावत जाईल आणि जहाज त्या वस्तूच्या बाजूने पाचव्याच वर्षी निघून जाईल. यान तिथे टेकेल तेव्हा जहाज पाव प्रकाशवर्ष पुढे असेल. यानाचा संदेश प्रकाशाच्या वेगाने मागून धावत येईल आणि तीन महिन्यांहून थोड्या अधिक काळाने जहाजाला गाठेल. उत्तर मिळेल तेव्हा परत फिरण्याची सोय उरलेली नसेल.

तन्मय (डी-३०४):
मॅडम, आपल्या बाबतीत तसेच झाले आहे. दुसऱ्या ताऱ्याकडून आलेली, आपल्याला कळलेली पहिली वस्तू, ओमुआमुआ, हवाईमधल्या दुर्बिणीला १९ ऑक्टोबर २०१७ रोजी दिसली, तेव्हा ती सूर्याला वळसा घालून परत निघालेली होती. काही आठवडे ती पाहता आली आणि मग ती दिसेनाशी झाली. तिच्या वेगात सूर्याच्या ओढीने न उलगडणारा किंचित फरक होता. त्यावर अजून वाद चालू आहे.

जिभाऊ (सी-१०१):
सर्वांचे आभार. दुपारभर बसून आठवे प्रकरण फाडले आणि नवे लिहिले. त्याचा सारांश देतो.

केळीवर मर आल्यामुळे जहाजात दोन तट पडतात. थांबा म्हणणाऱ्यांत बहुतेक तरुण आहेत आणि चला म्हणणाऱ्यांत म्हातारे, हे मी मुद्दाम उलटे केले, कारण पोहोचण्याची आशा म्हाताऱ्यांना नातवंडांच्या रूपानेच आहे. नानांच्या वडिलांवरून मी एक बाई आणली आहे. ती इंधनाच्या टाक्यांवर पहारा करते आणि रोज रात्री नळीला हात लावून बघते, कारण काट्यावर तिचा विश्वास नाही. तिच्या हट्टामुळे शेवटी फक्त लहान यान सुटते. पाचव्या वर्षी जहाज त्या वस्तूच्या बाजूने निघते. मुले खिडक्यांना चिकटून बसलेली असतात, आणि त्यांना काहीही दिसत नाही. दहाव्या वर्षानंतर संदेश येतो. यानाने तीन महिने जवळ जाताना घेतलेली तापमानाची नोंद त्यात आहे, आणि ती रोज थोडी थोडी उतरत गेली आहे. यान टेकले तेव्हा ती वस्तू सभोवतालच्या अंधाराइतकीच थंड होती. चूल विझली होती.

मॅडम, यात विज्ञानाची चूक आहे का? सकाळपर्यंत कळवा, म्हणजे नववे लिहायला घेतो.

मॅडम (ए-२०३):
आहे. दोनशे किलोमीटरचा गोळा आत यंत्रे चालत असताना तीन महिन्यांत निवत नाही. त्याची दिसणारी बाजू मात्र निवू शकते, पण उष्णता नाहीशी करता येत नाही. एका बाजूने थांबवली, तर ती दुसऱ्या बाजूने सोडावी लागते.

जिभाऊ (सी-१०१):
म्हणजे आपल्याकडची बाजू कोणीतरी झाकली.

मॅडम (ए-२०३):
हो. आणि झाकणाऱ्याला आपण कोणत्या बाजूला आहोत, ते ठाऊक आहे.