शब्दचर्चा : ‘बॅटलक्रूझर’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

मी 1909 सालच्या ब्रिटिश आरमारासाठी एका काल्पनिक बॅटलक्रूझरचा (बॅटलशिपसारख्या मोठ्या तोफांच्या, पण पातळ चिलखताच्या वेगवान लढाऊ नौकेचा) आराखडा करतो आहे आणि त्यावर मराठीत एक दीर्घ लेख लिहितो आहे. बेत असा : वजन साधारण 24,000 टन, 12 इंची 8 तोफा, बाजूला 9 इंच चिलखत, वेग 26 नॉट (तासाला 26 सागरी मैल). आकडे जुळत आले, शब्द मात्र जुळत नाहीत. पहिल्या खर्ड्यात ‘वेगवान युद्धनौका’ लिहिले होते, ते वाचताना पटले नाही. ‘बेल्ट’ (बाजूच्या चिलखताचा पट्टा), ‘टरेट’ (तोफा बसवलेला फिरता भाग) आणि ‘मॅगझिन’ (दारूगोळ्याची कोठी) यांनाही रुळलेले मराठी शब्द हवे आहेत. जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद

‘वेगवान युद्धनौका’ नको. आपल्याकडे युद्धनौका हा शब्द सरसकट चालतो. विनाशिका युद्धनौका, फ्रिगेटही युद्धनौका. बॅटलशिप या सर्वांत मोठ्या तोफांच्या, जाड चिलखताच्या खास वर्गासाठी तो वापरला की वाचकाला काहीच कळत नाही. शिवाय वेगवान बॅटलशिप हा वेगळाच प्रकार होता. 1913 मध्ये पाण्यात उतरलेली ‘क्वीन एलिझाबेथ’ 24 नॉटच्या आसपास धावायची आणि तिचे चिलखत 13 इंचांचे होते. तिला कोणी बॅटलक्रूझर म्हटले नाही.

प्रतिसाद

या नावाचा जन्म कसा झाला हे पाहिल्याशिवाय प्रतिशब्द ठरवू नये. 1906 साली ‘इन्व्हिन्सिबल’ या पहिल्या ब्रिटिश बॅटलक्रूझरची बांधणी सुरू झाली तेव्हा ती ‘चिलखती क्रूझर’ म्हणूनच ओळखली जात होती (क्रूझर म्हणजे बॅटलशिपहून हलकी, दूरवर फिरणारी युद्धनौका). ब्रिटिश आरमाराचे प्रमुख ॲडमिरल फिशर यांच्या मनातले काम स्पष्ट होते : शत्रूच्या क्रूझर शोधून बुडवायच्या, आपल्या ताफ्यापुढे टेहळणी करायची, व्यापारी जहाजांवर धाड घालणाऱ्यांचा पाठलाग करायचा. त्यासाठी 12 इंची 8 तोफा आणि 25 नॉट वेग दिला, चिलखत मात्र 6 इंचांवरच ठेवले. ‘बॅटल क्रूझर’ हे नाव ब्रिटिश आरमाराने अधिकृतपणे स्वीकारले ते 1911 च्या अखेरीस. म्हणजे जहाज आधी आले, नाव मागून.

आणि नाव आल्यावर अपेक्षा बदलल्या. नावातच ‘लढाई’ असलेल्या, बॅटलशिपइतक्याच मोठ्या तोफांच्या जहाजाला मुख्य लढाईपासून दूर ठेवायला कोण धजावणार? 8 डिसेंबर 1914 रोजी फॉकलंड बेटांजवळ ‘इन्व्हिन्सिबल’ आणि ‘इन्फ्लेक्सिबल’ यांनी ‘शार्नहोर्स्ट’ आणि ‘ग्नाइझेनाउ’ या जर्मन क्रूझर बुडवल्या. ज्यासाठी जन्म, नेमके तेच काम. 31 मे 1916 ला उत्तर समुद्रातल्या जटलंडच्या लढाईत मात्र तोलामोलाच्या जर्मन तोफांसमोर ‘इंडिफॅटिगेबल’, ‘क्वीन मेरी’ आणि ‘इन्व्हिन्सिबल’ एकाच दिवशी स्फोटाने गेल्या.

इतर भाषांनी काय केले तेही बघा. जर्मनांनी ‘ग्रोसर क्रॉयझर’, म्हणजे नुसता ‘मोठा क्रूझर’, एवढेच ठेवले. रशियनमध्ये ‘लिनेयनी क्रेयसर’, म्हणजे रांगेत उभे राहून लढणारा क्रूझर. जपानीत ‘जुन्यो सेनकान’ : तिथे मूळ नाम बॅटलशिपचे आणि ‘क्रूझर’ हे तिचे विशेषण. तीन आरमारे, आणि तिघांचा कल तीन दिशांना. तुमची नौका यांपैकी कोणत्या कल्पनेची आहे ते आधी ठरवा. 9 इंच चिलखत दिलेत म्हणजे तुम्ही ‘इन्व्हिन्सिबल’पासून बरेच दूर आलात आणि ‘फॉन डर टान’ या जर्मन बॅटलक्रूझरच्या जवळ गेलात. तिचे चिलखत 250 मिलिमीटर, सुमारे 10 इंच, होते.

प्रतिसाद

माझे मत वेगळे आहे. ‘रणगाडा’ रुळला तसा ‘रणक्रूझर’ का रुळू नये? अर्धा शब्द आपला, अर्धा आधीपासून ओळखीचा. आपल्या आरमाराने गुराब, गलबत, शिबाड असे प्रत्येक जातीला स्वतंत्र नाव दिले होते. आता प्रत्येक वेळी इंग्रजी नावच देवनागरीत उतरवत बसायचे, हे मला खटकते.

भागांच्या नावांसाठी तर किल्ल्यांवरचे शब्द तयार आहेत. मॅगझिनला ‘दारूकोठार’. टरेटला ‘फिरता बुरूज’, कारण नुसता बुरूज हलत नाही आणि इथे सगळी करामत फिरण्यात आहे. बेल्टला ‘कमरपट्टा’ : तो पाण्याच्या रेषेवर जहाजाच्या दोन्ही अंगांना असतो, शब्द चपखल बसतो.

प्रतिसाद

कमरपट्टा आणि दारूकोठार दोन्ही उत्तम. दारूकोठार तर लेखात ठळक हवे, कारण ‘चिलखत पातळ म्हणून जहाजे फुटली’ हे अर्धेच सत्य आहे. कोठारापासून बुरुजापर्यंत दारू वर नेणारी जी वाट असते, तिची दारे ब्रिटिश जहाजांत भराभर मारा करता यावा म्हणून उघडी ठेवली जात आणि कॉर्डाइटचे (तोफेच्या दारूचे) जादा गठ्ठे वाटेत रचून ठेवलेले असत. वर बुरूज पेटला की आग खाली उतरायला रस्ता मोकळा. जटलंडमध्येच ‘लायन’ या ब्रिटिश बॅटलक्रूझरचा मधला बुरूज फुटला, पण नौसैनिकांच्या तुकडीचे मेजर हार्वे यांनी मरणापूर्वी कोठारात पाणी सोडण्याचा हुकूम दिला आणि जहाज वाचले. जर्मनांना हा धडा आधीच मिळाला होता : जानेवारी 1915 मध्ये उत्तर समुद्रातल्या डॉगर बँकच्या लढाईत त्यांच्या ‘झाइडलिट्झ’ या बॅटलक्रूझरचे मागचे दोन्ही बुरूज जळाले, तेव्हा कोठारात पाणी सोडूनच ती तगली. तुमच्या आराखड्यात पट्ट्याची जाडी आहे, या वाटेचा मात्र उल्लेख नाही. तो घाला.

वेगाबद्दलही सांगतो. 26 नॉट लिहिणे सोपे, पण वरचा एकेक नॉट फार महाग पडतो. ‘इन्व्हिन्सिबल’ला 25 नॉटसाठी 41,000 अश्वशक्ती लागली. 1909 मध्येच बांधायला घेतलेल्या ‘लायन’ला 27 नॉटसाठी 70,000 ठेवावी लागली. ती आकाराने मोठी होती हे खरे, तरीही फरक बघा. बॉयलर 31 वरून 42 झाले. बॉयलर वाढले की धुराडी वाढतात, धुराडी वाढली की बुरूज कुठे बसवायचे हा प्रश्न येतो. ‘लायन’चा तिसरा बुरूज धुराड्यांच्या मध्ये अडकला तो यामुळेच. पुढच्या धुराड्यामागे डोलकाठी ठेवल्याने वरच्या निरीक्षकाला धूर आणि उष्णता सोसवेना, म्हणून चाचण्यांनंतर तिची जागा बदलावी लागली.

आपल्या किनाऱ्याशी जोडलेली एक गोष्टही लेखात घ्या. 17 नोव्हेंबर 1921 ला प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरले ते ‘रिनाउन’मधून. शहरात हरताळ आणि दंगल, बंदरात 15 इंची 6 तोफांची बॅटलक्रूझर. जटलंड होऊन 5 वर्षे झाली होती, तरी तिचा कमरपट्टा तेव्हाही 6 इंचांचाच होता.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. शीर्षकात आणि पहिल्या उल्लेखात ‘बॅटलक्रूझर’च ठेवतो, कारण वाचक पुढे शोधायला गेला तर याच नावाने सापडेल. पण तिच्या अंगाचे शब्द आपले घेतो. ‘रणक्रूझर’ मला आवडला, मात्र 1911 पूर्वीच्या प्रसंगात ‘चिलखती क्रूझर’ लिहीन. माझी नौका 1909 ची असल्यामुळे आराखड्याच्या कागदावरही तेच नाव हवे.

सुधारलेले वाक्य असे : “ही चिलखती क्रूझर 24,000 टनांची, 9 इंची कमरपट्ट्याची, चार फिरत्या बुरुजांत 12 इंची 8 तोफा, आणि प्रत्येक दारूकोठाराच्या वाटेला आपोआप मिटणारी दुहेरी दारे.” वेग 25 नॉटवर आणला. वाचलेले वजन दारांना आणि कोठाराच्या छताला दिले. धुराड्यांची मांडणी अजून सुटलेली नाही. चौथा बुरूज मागे सरकवला की कोठार प्रॉपेलरच्या दांड्यांवर येते. हो, त्या दांड्यांना, इंग्रजीतल्या शाफ्टला, कोकणच्या गोदीत काय म्हणतात कोणाला ठाऊक आहे का?

प्रतिसाद

शाफ्टच म्हणतात. तोच लिहा.