मदत हवी आहे: बाळ रात्री सलग झोपत नाही

निशिगंध:
मुलगी रात्रभर दर पाऊण-एक तासाने उठते. अंगावर घेतलं की दोन घोटांत झोपते, खाली ठेवलं की पाठ टेकताच टक्क जागी. अंधार, पंख्याचा आवाज, आंघोळ, सगळं करून झालंय. रडवून झोपवायचं नाहीये, तो सल्ला नको. पुढच्या महिन्यात कामावर रुजू व्हायचंय आणि आत्ताच सोफ्यावर पाजता पाजता माझा डोळा लागतो. काहीतरी ठोस सांगा प्लीज, लवकर.

अबोली:
वय किती बाळाचं? त्याशिवाय काय सांगणार?

रानवारा:
आमच्याकडे हेच होतं. झोप शिकवायची फर्बर पद्धत वापरली आणि सुटलो. जागं असताना ठेवायचं, बाहेर यायचं, रडलं तर थोडं थांबून आत जाऊन धीर द्यायचा, दर वेळी थांबणं वाढवायचं. नको म्हणालात तरी एकदा विचार करा.

मायमाउली:
तिने स्पष्ट लिहिलंय रडवायचं नाही, तरी तेच? एवढंसं लेकरू रात्री आईला हाक मारणार नाही तर कुणाला? पाजत राहा ताई. माझी दोन्ही मुलं आपोआप झोपायला लागली.

रानवारा:
आपोआप म्हणजे कधी? तिच्या हातात एक महिना आहे. ऑस्ट्रेलियात अशा पद्धतींनी झोप शिकवलेली मुलं सहाव्या वर्षी तपासली होती, २०१२ मध्ये ते छापून आलं. वागण्यात किंवा आईशी नात्यात काही वाईट फरक दिसला नाही.

अबोली:
त्या अभ्यासात बाळाजवळ बसून हळूहळू लांब सरकण्याचाही पर्याय होता. म्हणजे तुम्ही दोघं भांडताय त्याच्या मधलीही वाट आहे. निशिगंध, वय??

जुईली:
रात्रीसाठी डायपर एक साइझ मोठा घ्या, अजिबात गळत नाही.

निशिगंध:
डायपर गळत नाहीये. साडेसात महिने. वजन छान वाढतंय, डॉक्टर म्हणाले सगळं ठीक आहे.

काकाजी:
पोट भरत नसेल. शेवटच्या दुधात थोडं पीठ कालवून बाटलीने द्या आणि दोन्ही बाजूंना उशा लावा, रात्रभर हलणार नाही.

पारिजात:
काकाजी, कृपया हे नको. बाटलीतल्या घट्ट दुधाने बाळ गुदमरू शकतं, झोपही वाढत नाही. आणि पहिलं वर्षभर बाळाच्या जागेत उशी, लोड, मऊ पांघरूण काहीच नसावं. सपाट, घट्ट गादी, ठेवताना उताणं. मी नवजात विभागात परिचारिका आहे, म्हणून कळकळीने सांगते. निशिगंध, सोफ्यावर पाजू नका. तिथे डोळा लागणं सगळ्यांत धोक्याचं. बाळ दिवस भरून झालं होतं का?

निशिगंध:
नाही, सहा आठवडे आधी. त्याचा काय संबंध?

पारिजात:
बराच. दुरुस्त वय, म्हणजे लवकर जन्मल्याचे सहा आठवडे वजा करून, धरलं तर ती सहा महिन्यांची आहे. रात्री एक-दोनदा भूक लागणं यात वावगं काही नाही, तेवढं पाजा. पण दर पाऊण तासाने भूक लागत नसते. बाळाच्या झोपेची एक फेरी साधारण तेवढीच असते. फेरी संपली की आपणही अर्धवट जागे होतो आणि कूस बदलून झोपतो. ती आईला शोधते, कारण झोप लागली तेव्हा ती अंगावर होती.

म्हणून मध्यरात्री सध्या काहीच बदलू नका, फक्त रात्रीची पहिली झोप बदला. आधी दूध, मग कपडे, मग गाणं, रोज याच क्रमाने. डोळे जड झाले पण मिटले नाहीत तेव्हा आधी ढुंगण, मग पाठ, शेवटी डोकं असं सावकाश टेकवा आणि तळहात छातीवर तसाच राहू द्या. कुरकुरली तर थोपटा. खरंच रडली तर उचला, शांत झाली की परत ठेवा. ते जमलं की थोपटणं कमी करा, मग नुसता हात ठेवा, मग शेजारी बसा.

मायमाउली:
हे मला पटलं. यात एकटं टाकणं नाही.

रानवारा:
पण वेळ लागेल. दुपारी उशिरा झोपत असेल तर तेही बघा, रात्री झोपच आलेली नसते.

निशिगंध:
संध्याकाळी झोपते, मी घरातली कामं उरकते तेव्हा. ती झोप आजपासून आधी घेते. हे तिच्या बाबाने केलं तर चालेल?

पारिजात:
उत्तम. त्याच्या अंगाला दुधाचा वास नसतो, शोधाशोध कमी होते. तुम्ही तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत झोपून घ्या. ताप, झोपेत घोरणं, श्वास अडकल्यासारखा वाटणं, यातलं काही दिसलं तर मात्र थेट डॉक्टर.

जुईली:
माझा अडीच वर्षांचा दुपारी झोपतच नाही, त्यावर काय करू?

अबोली:
जुईली, वेगळा धागा काढ ना. निशिगंध, कसं चाललंय ते इथेच लिही.